कोलांटेसाहेबांचा वाढदिवस

मेलेल्या झाडासाठी या शहरात कोणी आंदोलन करत नाही. जिवंत झाड तुटायला आलं की त्याला मिठी मारायला माणसं येतात, फोटो काढतात, घरी जातात. मेलेल्याला मिठी मारायला कोण येणार? आज हे मी शांतपणे लिहिते आहे, पण तेव्हा हेच वाक्य मी पत्रकाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून छापलं होतं. ते वाचून कॉलनीतल्या एका काकांनी मला दुधाच्या डेअरीपाशी थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं, "बेटा, घरी सगळं ठीक आहे ना?" घरी ठीक नव्हतं. घरी पप्पांना एक किडा सापडला होता.

तिशी नुकतीच ओलांडलेल्या बाईने आठवणी लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, हे मला माहीत आहे. पण चळवळीत माणूस लवकर म्हातारं होतं. आधी घसा जातो, मग गुडघे, मग विनोदबुद्धी. तिसरी गोष्ट थोडीफार शिल्लक आहे तोवर हे लिहून टाकते.

आम्ही इंदिरानगरात तळमजल्यावर राहायचो. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या मोकळ्या प्लॉटकडे उघडायची आणि त्या प्लॉटच्या कडेला शिरीषाचं एक मोठं झाड होतं. ते कशानं मेलं याबद्दल माझं ठाम मत आहे, पण माझ्या वकील मैत्रिणीने ते लिहायचं नाही असं बजावलंय. फांद्या आधीच तोडून नेल्या होत्या; उरलं होतं ते दोन मजले उंच वाळकं खोड, साल सुटलेलं, करडं. आमच्या घरात पप्पा, आई, मी आणि नांदगावची आत्या. आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून आली आणि दोन्ही डोळे बरे झाल्यावरही राहिली, कारण आता तिला सगळ्यांच्या चुका नीट दिसायला लागल्या होत्या. पप्पा सरकारी कचेरीत कारकून, आई शाळेत शिक्षिका. पण आमच्या घराचा खरा धंदा पत्रकांचा. वस्तीतल्या पाण्यासाठी, दिव्यांसाठी, जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यासाठी पप्पांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली आणि मला अक्षरओळख झाल्यापासून हाताशी घेतलं. पहिल्या वाक्यात नमस्कार नको, राग हवा. मधे जबाबदार कोण ते सांगायचं. शेवटी मागणी एकच, कारण दोन केल्या की ते सोपी तेवढी मान्य करतात. आणि खोटं एक अक्षर छापायचं नाही. माझ्या लहानपणाचा आवाज विचाराल तर जेवणं झाल्यावर सगळ्यांनी फरशीवर बसून स्टीलच्या वाटीच्या बुडाने पत्रकांच्या घड्या दाबायचा आवाज, सर्र, सर्र, सर्र. वास विचाराल तर ताजी शाई आणि तव्यावर परतलेलं सुकट. अजूनही कुठलं पत्रक हातात आलं की मला भाकरी आठवते.

पप्पा रिटायर झाले आणि गप्प झाले. पेपर वाचायचे, घडी घालायचे, पुन्हा उघडून तोच वाचायचे. आई म्हणायची, "यांना कुठंतरी क्लास लावा." मग एका उन्हाळ्याच्या तोंडाशी आत्याने सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत लावलेले कांदे फुलावर आले. पांढरे, गोल, मुठीएवढे गोंडे. त्यांवर पप्पांना तो दिसला. काळा, ज्वारीच्या दाण्याहून बारीक, पाठीला कुबड, डोकं खाली घातलेलं आणि मागे काट्यासारखं निमुळतं टोक. पप्पांनी बोट लावलं मात्र, त्याने कोलांटी मारली. एक नव्हे, एकामागून एक, वेड लागल्यासारख्या. गोंड्यावरून पानावर, पानावरून गोणीवर, गोणीवरून आत्याच्या चहात. आत्याने बोटानं बाहेर काढला तर बशीतसुद्धा कोलांट्या मारतोय. पप्पा हसले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा हसले, म्हणून आत्याने शिव्या द्यायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

मग ते त्याच्या मागेच लागले. भिंग आणलं. दुपारचं ऊन डोक्यावर घेत त्या खोडाजवळ स्टूल टाकून बसायला लागले, कारण फुलांवर जेवून हे किडे त्या वाळक्या लाकडावर जाऊन बसतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मराठीत त्याला नाव नाही म्हणून पप्पांनी त्याचं नाव ठेवलं कोलांटे. किडा म्हटलेलं त्यांना आवडेनासं झालं. ओळखीतून कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला तेव्हा पप्पांनी तो स्पीकरवर टाकला आणि आम्हाला सगळ्यांना ओळीने बसवलं.

"फुलांवरचे कोलांट्या मारणारे भुंगे असतात, त्यांच्यातला आहे," सर म्हणाले. "त्यापुढे नाही सांगता येणार. या गटाकडे आपल्याकडे फारसं कोणी बघितलेलंच नाही. मी स्वतः फुलपाखरंवाला."

"मग कोण सांगेल?" पप्पांनी विचारलं.

"तुम्हीच. अंडी त्या लाकडात घातली असतील तर अळ्या आत पोखरत राहतील. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी नवे बाहेर येतील. ते त्याच लाकडातून येताना बघा, थोडे मला आणून द्या. तोवर खोड मात्र उभं राहायला हवं."

खोड मात्र उभं राहायला हवं. आमच्या घरात त्या वर्षी एवढी एकच मागणी होती.

आता माझा संताप समजून घ्या. या शहरात बिबट्या कुठल्या कॉलनीत शिरला की थेट प्रक्षेपण होतं, पोलीस गाडी येते, माणसं गच्चीवरून शिट्ट्या मारतात. आणि हा इथला जुना रहिवासी, आपल्या खिडकीबाहेर जन्मतो, जेवतो, कोलांट्या मारतो, मरतो, आणि याचं नाव काय हे कोणाला माहीत नाही! याला जबाबदार कोण? मी तेव्हा असंच बोलायचे, जेवतानासुद्धा. आई म्हणायची, "कालवण वाढ आणि मग जबाबदार ठरव."

थंडीत एका सकाळी खोडावर लाल रंगाची फुली आली. वाळकं झाड धोकादायक, कापायचं. पप्पा महापालिकेच्या कार्यालयात जाऊन आले. त्यांना सांगण्यात आलं की हरकत जिवंत झाडाला घेता येते; मेलेल्याचं काय वाचवायचं? पप्पा म्हणाले, आत जिवंत आहेत. समोरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कोण?" आणि त्याचंच तर उत्तर पप्पा शोधत होते.

मी पत्रक काढलं. लोकांनी त्यावर भजी खाल्ली. मी पदरचे पैसे घालून निषेधाचा फ्लेक्स बांधला, "खोड वाचवा". संध्याकाळी बांधला, सकाळी दूध आणायला गेले तर दोऱ्यासुद्धा नव्हत्या. पुन्हा बांधला, पुन्हा गायब. मी ओट्याशी उभी राहून लोकशाहीबद्दल बोलत होते आणि आत्या खिडकीतून कोपऱ्यावरच्या खांबाकडे बघत होती.

"काय गं," ती म्हणाली, "त्या गॉगलवाल्या पोराचा वाढदिवस होऊन लय महिने झाले. त्याचा फोटो कसा काय कोणी काढत नाय?"

मीही खिडकीतून बघितलं; खांबावर त्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स जसाच्या तसा होता. आत्याचे डोळे खरंच बरे झाले होते. आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सला हात लावायची कोणाची छाती नाही. निषेधाचा काढता येतो, कारण निषेध करणाऱ्याच्या मागे कोणी नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. वाढदिवसवाल्याच्या मागे कोण आहे ते सांगता येत नाही. त्यात महापालिकेची निवडणूक होणार, होणार असं सगळे म्हणत होते आणि होत नव्हती, त्यामुळे गल्लीत जो तो इच्छुक होता आणि जो तो दुसऱ्याला घाबरून होता.

आरिफभाईंच्या दुकानात मी, पप्पा आणि आत्या तिघं गेलो. आरिफभाईंनी किड्याचा फोटो मोठा केला, उलटा केला, सुलटा केला.

"दीदी, चेहरा किधर है?"

"हा काय, खाली घातलाय तो."

"मग गॉगल कुठे लावू?"

"गॉगल नको," पप्पा म्हणाले. "आणि जे छापाल ते खरं छापा."

यावर आरिफभाईंनी त्यांच्याकडे, आयुष्यात अशी ऑर्डर पहिल्यांदाच आल्यासारखं बघितलं. त्यांच्याकडे मजकूर तयार असायचा. 'लोकप्रिय' पप्पांनी काढायला लावलं, कारण नाहीत. 'युवकांचे आशास्थान' काढलं. 'दानशूर' काढलं. शेवटी राहिलं ते असं: इंदिरानगरचे जुने रहिवासी, अल्पपरिचित, आतून काम करणारे मा. कोलांटेसाहेब यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. 'साहेब' मात्र आरिफभाईंनी काढू दिलं नाही. नुसतं कोलांटे लिहिलं तर फ्लेक्स टिकायची गॅरंटी देत नाही, म्हणाले. वाढदिवस खरा का, यावर पप्पांनी बराच विचार केला. "जन्मलेत म्हणजे तो असणारच. तारीख आपल्याला माहीत नाही, तर टाकू नका."

"बिना तारीख?" आरिफभाईंचा हात थांबला. "मग लोक उतरवणार कधी?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. खाली शुभेच्छुक म्हणून आत्याचा फोटो गेला. तिचीच अट होती. लग्नातला, हिरव्या शालूतला, कॅमेऱ्याकडे रागाने बघतानाचा. नावाच्या जागी तिने सांगितलं, "नुसतं आत्या लिव्ह. वळखणारे वळखतील."

फ्लेक्सची एक बाजू खोडाला बांधली, दुसरी विजेच्या खांबाला. तो राहिला. आणि चार दिवसांनी करवत घेऊन माणसं आली तेव्हा त्यांचा मुकादम त्याच्यासमोर चपला काढायच्या बेतात उभा राहिला.

"कोण म्हणायचे हे कोलांटेसाहेब?" त्याने पप्पांना विचारलं.

"किडा आहे तो," पप्पा म्हणाले.

मुकादमाने समजूतदारपणे मान हलवली. "काका, तुमचं त्यांच्याशी पटत नसेल. पण आम्हाला नोकरी करायचीय." मग बाजूला जाऊन त्याने वरच्या साहेबांना फोन लावला. आम्हाला अर्धंच संभाषण ऐकू येत होतं. "नाही साहेब, फोटो त्यांचा नाही, निशाणी असंल बहुतेक. काळी हाय. किडा म्हणा, भुंगा म्हणा... अपक्षच असतील. शुभेच्छुकात? एक आत्या आहेत साहेब. कोणाच्या ते नाही लिहिलं. हो, बघतायत पण रागाने." त्यानंतर बराच वेळ तो नुसताच हो, हो म्हणत राहिला, आणि माणसं करवत घेऊन परत गेली.

इथून पुढे आम्ही काही केलं नाही. जे केलं ते लोकांनी केलं. मुकादमाच्या साहेबांनी चौकशी केली असणार, कारण दोन-तीन दिवसांत वॉर्डातल्या सगळ्या इच्छुकांना कोलांटेसाहेब माहीत झाले. माहीत नाही असं म्हणायची एकाचीही तयारी नव्हती. त्यांतले सगळ्यात धाडसी बंटीभाऊ. गळ्यात चेन, हातात दोन फोन, माझ्या आईसमोर मात्र अजून मान खाली, कारण तिने त्यांना पाचवीत शिकवलं होतं. त्यांनी आमच्या फ्लेक्सच्या खाली आपला दुप्पट मोठा लावला, "साहेबांचे खंदे समर्थक". ते बघून दुसऱ्याने त्याच्या वर लावला. मग तिसऱ्याने. सगळ्यांच्या दोऱ्या खोडालाच. आठवडाभरात त्या वाळक्या लाकडाला चारी बाजूंनी इतके ताण बसले की ते पडायचं म्हटलं तरी त्याला पडता आलं नसतं. धोकादायक हा शेराच निकालात निघाला.

पप्पांना मात्र झोप लागेना. लोक फसतायत, ते म्हणाले, पत्रक काढ. मी म्हटलं, पप्पा, खोड वाचलंय! तर म्हणाले, खोटेपणाने वाचलेलं पत्रकवाल्याच्या घरात शोभत नाही. मग मी आयुष्यातलं सगळ्यात खरं पत्रक लिहिलं. मथळा: कोलांटे हा कीटक आहे! खाली त्याचा आकार, रंग, खाणं, राहणं. जबाबदार कोण: आम्ही. मागणी: उन्हाळ्यापर्यंत खोड राहू द्या. आम्ही चौघांनी वाटीने घड्या दाबल्या आणि घरोघर वाटलं.

संध्याकाळी बंटीभाऊ दारात. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. "ताई, राजकारणात मतभेद असावेत. पण माणसाला किडा म्हणायचं? तेही वाढदिवसाला?"

"अहो, तो किडाच आहे!"

"बघा, अजूनही म्हणताय! बाई, तुम्ही तरी सांगा हिला." हे आईला.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "बंटी, तो खरंच किडा आहे रे. मी चहात पडलेला पाहिलाय." बंटीभाऊंनी खाली मान घातली, बाईंचंसुद्धा ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी चौकात माझ्या पत्रकाची निषेधसभा ठेवली. वॉर्डात सभेत बरं बोलणारं दुसरं कोणी नाही म्हणून मुख्य वक्ता म्हणून बोलावणं मलाच आलं. मी गेले. माईकवरून ठणकावून सांगितलं की कोलांटे हा सहा पायांचा, काळ्या रंगाचा, लाकूड खाऊन वाढणारा कीटक आहे, आणि तुम्ही सगळे मूर्ख आहात. प्रचंड टाळ्या पडल्या. उपरोध फार झोंबरा होता, असं नंतर बंटीभाऊ स्वतः म्हणाले. त्या दिवसापासून भाषणावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच. अजूनही बोलते, पण टाळ्या पडल्या की आपलं काय चुकलं ते आधी आठवून बघते.

थंडी संपत आली तसे पप्पा पुन्हा गप्प झाले. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभे राहायचे. गोण्यांतल्या कांद्यांना दांडे आले, दांड्यांच्या टोकाला कळ्यांच्या पातळ पिशव्या फुगल्या, फुटल्या, गोंडे उमलले. खोड तसंच होतं. भिंग घेऊन पप्पा त्याच्या अंगाशी नाक लावून फिरायचे आणि भोवतीने फ्लेक्सवरचे सगळे इच्छुक हात जोडून त्यांच्याकडे बघत असायचे.

"निघालेच नाहीत तर?" एकदा त्यांनी मला विचारलं. "आत मेले असतील तर?"

पत्रक लिहिणाऱ्या माणसाने असं विचारायचं नसतं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज पुढे पाठवले होते. हा एक प्रश्न त्यांचा स्वतःचा होता, आणि तो लाकडाच्या आत होता. आत्याने भाकरी थापता थापता तिकडूनच सांगितलं, "निघतील की. फुकटचं घर हाय म्हणून कोणी जलमभर राहतं का?" आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने पुढची भाकरी जरा जोरातच थापली.

निघाले ते एका रविवारी सकाळी. पप्पांची हाक आली ती कशी होती ते सांगता येणार नाही; घर पेटल्यासारखी होती, पण आनंदाची. बंटीभाऊंच्या फ्लेक्सच्या वर, उघड्या लाकडाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली होती आणि एका भोकातून काळं कुबड बाहेर येत होतं. आलं, थोडं थांबलं, ऊन घेतलं, आणि पप्पांच्या सावलीने दचकून त्याने पहिली कोलांटी मारली ती थेट बंटीभाऊंच्या छापील कपाळावर. मग दुसरा आला. मग तिसरा. पप्पांच्या हातात सरांनी दिलेली काचेची बाटली होती, पण त्यांची नजर भोकांवरून हटेना, म्हणून ती शेवटी आत्याने धरली.

बंटीभाऊ नेमके तेव्हाच आले, बुके घेऊन. साहेब आज दर्शन देणार असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. बहुतेक पप्पांची हाक ऐकूनच कोणी सांगितलं असेल. पप्पांनी एक कांद्याचा गोंडा दांड्यासकट तोडला आणि त्यांच्यापुढे धरला. वर कोलांटे बसलेले होते, डोकं खाली, फुलात. बंटीभाऊंनी वाकून बघितलं. मग आमच्या फ्लेक्सवरच्या फोटोकडे बघितलं. पुन्हा गोंड्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काय उजाडत गेलं ते मी पाहिलं आणि मला त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, एका इच्छुकाची दया आली. गल्लीतली दहा-बारा माणसं मागे उभी होती. बंटीभाऊंनी मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि गोंड्याला वाकून नमस्कार केला. कोलांटेसाहेबांनी त्यांच्या शर्टाच्या खिशात उडी घेतली.

"साहेब घाईत दिसतात," बंटीभाऊ म्हणाले. बुके गोणीवर ठेवला आणि खिशाला हात न लावता, एक खांदा जरासा वर धरून, ताठ मानेने निघून गेले. ते अजूनही कोणाला काही बोललेले नाहीत. खंदे समर्थक असावेत तर असे.

बाटली सरांकडे गेली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बरेच दिवस बघून फोन केला. आम्ही पुन्हा ओळीने बसलो. "नक्की सांगता येत नाही," सर म्हणाले. "वेगळा वाटतो. पण अजून एक खेप बघायला हवी." मला इतका राग आला की मी तिथल्या तिथे पत्रकाचा मथळा मनात जुळवला. पप्पांकडे बघितलं तर ते नोकरी परत मिळाल्यासारखे बसले होते. ते स्वतः मुकादमाकडे गेले, कारण खरं सांगायची सवय सुटत नव्हती. म्हणाले, आतले बाहेर आलेत, आता कापलंत तरी मी हरकत घेऊ शकत नाही, पण ठेवलंत तर बरं. मुकादमाने घाबरून आजूबाजूला बघितलं. "कोलांटेसाहेबांना न विचारता? नको काका."

ते खोड आजही उभं आहे. माझ्या नावावर तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत केलेली आंदोलनं आहेत आणि जिंकलेलं एवढं एकच आहे. आणि त्यातही माझी एकही ओळ कोणी खरी मानली नाही. गेल्या महिन्यात आरिफभाई स्वतःहून घरी आले. जुना फ्लेक्स उन्हाने पांढरा पडलाय, आत्याचा नुसता राग तेवढा दिसतो, म्हणाले. नवा करून देतो. चहा प्यायले आणि कागद-पेन काढलं.

"काका, कितवा वाढदिवस टाकू यंदा?"

पप्पांनी खिडकीतून बाहेर बघितलं. गोंडे उमलायला लागले होते. फुलांवर येणारे कोलांटे काही आठवडेच जगतात. गेल्या खेपेचा एकही आता नव्हता, आणि पुढचे अजून आत होते. पप्पांना खोटं छापायचं नव्हतं, म्हणून त्यांनी आधी बोटांवर हिशेब केला.

"पहिला लिहा," ते म्हणाले.

"मागच्या वेळी पण पहिलाच असणार ना?"

"हो," पप्पा म्हणाले. "त्यांचा दर वेळी पहिलाच असतो."